विश्लेषण : डान्सबार बंदीला २० वर्षे उलटली, पनवेलच्या रात्रीचा धोका अजूनही कोणाच्या माथी?

डान्सबार बंदीची ठिणगी रायगड जिल्ह्यातून पडली. बंदी आली, न्यायालयात गेली, नव्या कायद्याने परत आली आणि पुन्हा सैल झाली. दरम्यान पनवेल गावाचे महानगर झाले, शेजारी आंतरराष्ट्रीय विमानतळही आला. पण या व्यवसायात काम करणाऱ्या महिलांचे प्रश्न २००५ मध्ये होते तेथेच आहेत. असे का झाले?

२ ऑगस्ट २०२५ रोजी शेतकरी कामगार पक्षाच्या वर्धापन दिनाच्या मेळाव्याला महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे अध्यक्ष राज ठाकरे पनवेलला आले होते. शिवछत्रपतींची राजधानी ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात इतके डान्सबार कसे, असा सवाल त्यांनी भाषणात केला. त्यानंतर काही तासांतच मनसेच्या कार्यकर्त्यांनी पनवेलजवळच्या एका बारची तोडफोड केली. काचा फुटल्या, टेबले उलटली आणि व्हिडिओ राज्यभर फिरला. दोन-तीन दिवस बारमालक, पोलीस आणि राजकीय पक्ष यांच्यावर चर्चा झाली. तेथे पगारावर किंवा टिपवर काम करणाऱ्या महिलांचे त्या रात्रीनंतर काय झाले, हा विषय त्या चर्चेत जवळपास आलाच नाही. २० वर्षांपूर्वीही साधारण असेच घडले होते.

बंदीची सुरुवात कुठून झाली?

मार्च २००५ मध्ये विधिमंडळाचे अर्थसंकल्पीय अधिवेशन सुरू होते. पनवेलचे तत्कालीन शेकाप आमदार विवेक पाटील यांनी रायगडमधील डान्सबारचा प्रश्न लक्षवेधी सूचनेद्वारे मांडला. त्याला उत्तर देताना ३० मार्च रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्सबारवर बंदीची घोषणा केली. सुरुवातीला ही घोषणा मुंबईबाहेरच्या बारपुरती होती. मुंबईला वेगळा न्याय का, असा प्रश्न उभा राहिला आणि काही दिवसांतच बंदी राज्यभर लागू करण्याचे ठरले. मुंबई पोलीस कायद्यात ‘३३ अ’ आणि ‘३३ ब’ ही नवी कलमे घालण्यात आली आणि ऑगस्ट २००५ मध्ये बंदी अमलात आली.

बंदीमागचा युक्तिवाद साधा होता. तरुण मुले बिघडत आहेत, घरातला पैसा बारमध्ये उडतो आहे, संसार मोडत आहेत. आबांच्या या भूमिकेला ग्रामीण महाराष्ट्रातून, विशेषतः महिलांकडून मोठा पाठिंबा मिळाला. तो खोटा नव्हता. ज्या घरातला मुलगा किंवा नवरा रात्री दोनला रिकाम्या खिशाने परत येतो, त्या घरातल्या बाईला घटनेतील व्यवसाय स्वातंत्र्याचे कलम सांगून उपयोग नसतो.

मात्र या युक्तिवादात बारमधली बाई फक्त बिघडवणारी म्हणून आली. बंदीनंतर तिने काय खायचे, याचे उत्तर ‘पुनर्वसन’ या एका शब्दात देण्यात आले. त्या शब्दाचे पुढे फारसे काही झाले नाही.

हा बाजार पनवेललाच का फुलला?

कोकणात जाणाऱ्यांसाठी पनवेल म्हणजे एसटी स्थानकावरचा दहा मिनिटांचा थांबा. रस्त्यांचा नकाशा समोर ठेवला की या गावाचे दुसरे रूप दिसते. जुना मुंबई-पुणे महामार्ग येथून जातो. कळंबोलीला द्रुतगती महामार्गाचे तोंड आहे. पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्ग सुरू होतो. उरणच्या बंदराकडे जाणारे कंटेनर याच पट्ट्यातून धावतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात देशभरातले ट्रक येऊन थांबतात. मुंबईहून तासा-दीड तासावर, पुण्याहून दोन तासांवर आणि तरीही ओळखीचे कोणी भेटणार नाही इतके लांब, अशी ही जागा आहे.

दुसरे कारण जमिनीचे. १९७० पासून नवी मुंबईसाठी सिडकोने या भागातील जमिनी संपादित करायला सुरुवात केली. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. भातशेती आणि मिठागरांवर जगणाऱ्या कुटुंबांच्या हाती अचानक बाजारभावाचा भूखंड आणि त्याच्या विक्रीचा पैसा आला. अनेकांनी घर बांधले, गाड्या घेतल्या, मुलांना शिकवले. काहींचा पैसा रात्रीत गेला. विधानसभेत ‘तरुण पिढी’ म्हणून ज्यांचा उल्लेख होत होता, त्यात ही मुलेही होती.

पण फक्त भूमिपुत्रांच्या पैशावर हा बाजार चालला, असे मानणे चुकीचे ठरेल. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे येथून गाड्या भरून येणारा ग्राहक हा त्याचा खरा आधार होता आणि आहे. म्हणूनच या व्यवसायाकडे ‘स्थानिक कुप्रथा’ म्हणून न पाहता पर्यटनाचा एक अंधारा प्रकार म्हणून पाहिले, तर चित्र जास्त स्पष्ट होते. ग्राहक बाहेरचा, काम करणारी बाईही बाहेरची. गावाच्या वाट्याला भाडे, हप्ते, बदनामी आणि अधूनमधून तोडफोड येते.

डान्सबार म्हणजे वेश्याव्यवसायच का?

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. बारमध्ये नाचणे किंवा गाणे हे मनोरंजनाचे काम आहे. तेथे काम करणारी प्रत्येक स्त्री देहविक्रय करते, असे गृहीत धरूनच अर्धे राजकारण झाले. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास संशोधन केंद्राने महिला संघटनांसोबत २००५ मध्ये बारमधील महिलांचे सर्वेक्षण केले होते. घरातली एकमेव कमावती व्यक्ती म्हणून या कामात आलेल्या अनेक महिला त्यात पुढे आल्या. हात न लावू देता, स्टेजवर राहून पैसे मिळतात, म्हणून हे काम इतर पर्यायांपेक्षा बरे, असा त्यातील अनेकींचा हिशेब होता.

दुसरी बाजूही आहे. बारमधली कमाई पगाराची नसून मुख्यतः टिपची असते आणि तिचा ठरलेला वाटा मालक घेतो. महिनाभर गिऱ्हाईक थंड असेल तर घरभाडे, गावाला पाठवायचे पैसे आणि आणून देणाऱ्याचे कर्ज यांचा मेळ बसत नाही. मग ‘बाहेर’ जाण्याचा दबाव येतो. हा दबाव कधी मॅनेजरचा असतो, कधी एजंटाचा, कधी नेहमीच्या ग्राहकाचा. स्टेज आणि लॉज यांच्यामधली ही वाट प्रत्येकीसाठी वेगळी असते. स्वतःहून जाणारी, कर्जापायी जाणारी आणि फसवून नेलेली अशा तिघी एकाच रात्री एकाच लॉजमध्ये असू शकतात. पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात मात्र तिघींसाठी एकच शब्द असतो, ‘सुटका’.

या महिला येतात कुठून?

बारमध्ये काम करणाऱ्या महिलांपैकी मोठा गट राजस्थान, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशातील बेडिया, नट, कंजर अशा समाजांतून येतो. नाच-गाणे हा या समाजांचा पिढीजात व्यवसाय. राजाश्रय आणि जमीनदारी संपल्यावर तो शहरांकडे सरकला. बंगाल आणि इतर राज्यांतून, तसेच महाराष्ट्राच्या कोरडवाहू जिल्ह्यांतून आलेल्या महिलाही त्यात आहेत.

कायद्याच्या अभ्यासक समीना दलवाई यांनी ‘बॅन्स अँड बार गर्ल्स’ या २०१९ मधील पुस्तकात या बंदीकडे जातीच्या नजरेने पाहिले आहे. ज्या जातीच्या स्त्रियांनी पूर्वी नाचून वरच्या जातींचे मनोरंजन करायचे आणि गरीबच राहायचे, त्या खुल्या बाजारात चांगला पैसा कमावू लागल्या, तेव्हा समाजाला ते खुपले, असे त्यांच्या मांडणीचे सूत्र आहे. हे सगळ्यांना पटेलच असे नाही. पण तारांकित हॉटेलमधील नाच सुरू राहतो आणि महामार्गावरचा बंद होतो, याचे दुसरे पटणारे स्पष्टीकरण सरकारला न्यायालयातही देता आले नाही.

न्यायालयात नेमके काय झाले?

२००५ च्या कायद्यातील ‘३३ ब’ कलमाने तीन तारांकित आणि त्यावरील हॉटेले, क्लब, जिमखाने यांना बंदीतून सूट दिली होती. तेथेच सरकारची बाजू लंगडी पडली. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि बंदी प्रत्यक्षात कायम राहिली. १६ जुलै २०१३ रोजी सरन्यायाधीश अल्तमस कबीर आणि न्या. सुरिंदरसिंग निज्जर यांच्या खंडपीठाने उच्च न्यायालयाचा निकाल उचलून धरला. बारमधील महिलांची संख्या सुमारे ७५ हजार असल्याचा दावा तेव्हा केला जात होता. बंदीमुळे बेरोजगार झालेल्या अनेक महिलांवर पोटासाठी देहविक्रय करण्याची वेळ आल्याची नोंद या निकालात आहे. ज्या गोष्टीपासून वाचवायचे म्हणून बंदी घातली, बंदीने त्यांना तिकडेच ढकलले, असा त्याचा सरळ अर्थ.

तरीही जून २०१४ मध्ये विधिमंडळाने कायदा पुन्हा दुरुस्त केला. या वेळी तारांकित हॉटेलांची सूटच काढून टाकली. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मग एप्रिल २०१६ मध्ये अश्लील नृत्यावर बंदी आणि तेथील महिलांच्या प्रतिष्ठेचे संरक्षण अशा लांबलचक नावाचा स्वतंत्र कायदा आला. त्यात सीसीटीव्ही, धार्मिक स्थळे आणि शाळांपासून एक किलोमीटरचे अंतर, नाचाच्या ठिकाणी मद्यबंदी अशा अटी होत्या. १७ जानेवारी २०१९ रोजी न्या. ए. के. सिक्री आणि न्या. अशोक भूषण यांच्या खंडपीठाने यातील अनेक अटी रद्द केल्या. सायंकाळी साडेसहा ते रात्री साडेअकरा ही वेळ कायम ठेवली. टिप देता येईल, पण नोटा उधळता येणार नाहीत, असे सांगितले.

प्रत्यक्षात आज बहुतेक ठिकाणे ‘ऑर्केस्ट्रा बार’ किंवा महिला वेटर असलेले बार म्हणून चालतात. परवाना गाण्याचा, प्रकाशयोजना नाचाची, असा हा मामला आहे. ऑर्केस्ट्रामध्ये चार स्त्रिया आणि चार पुरुष अशी अट होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील स्त्री-पुरुषांच्या संख्येचे बंधन रद्द केले. एकूण आठ कलाकारांची मर्यादा ठेवता येईल, असे म्हटले.

स्टेज किती फुटांचा, कठडा कुठे, कॅमेरा असावा की नसावा, नोट हातात द्यावी की उधळावी यावर दोन दशके कायदा आणि न्यायालय झगडत राहिले. मुलीला आणले कोणी, तिच्यावर कर्ज किती, आधार कार्ड कोणाच्या ताब्यात, रात्री घरी सोडते कोण, हे प्रश्न वादाच्या केंद्रस्थानी कधीच आले नाहीत.

जगात इतरत्र काय दिसते?

कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन रिपब्लिक या देशाच्या उत्तर किनाऱ्यावर सोसुआ नावाचे छोटे शहर आहे. १९४० च्या दशकात युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांनी वसवलेली ही दुग्धव्यवसायाची वसाहत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिच्या जवळ आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला आणि १९८०-९० च्या दशकांत युरोप, कॅनडा येथून पर्यटकांची रीघ लागली. त्यातील एका मोठ्या गटाचे आकर्षण समुद्र नव्हता. मानववंशशास्त्रज्ञ डेनिस ब्रेनन यांनी या शहरावर केलेला अभ्यास २००४ मध्ये पुस्तकरूपाने आला.

ब्रेनन यांना तेथे भेटलेल्या अनेक स्त्रिया एकट्या आई होत्या. देशाच्या दुसऱ्या भागांतून त्या मुले आईकडे ठेवून आल्या होत्या. एखादा परदेशी ग्राहक लग्न करेल, व्हिसा मिळवून देईल, निदान दरमहा पैसे पाठवेल, ही त्यांची आशा. फार थोड्यांच्या बाबतीत ते घडले. प्रौढ व्यक्तीने देहविक्रय करणे त्या देशात गुन्हा नाही. तरीही पोलीस रस्त्यावरून महिलांना उचलत, पैसे घेऊन सोडत. पर्यटकांना मात्र सहसा हात लागत नसे, कारण शहराची अर्थव्यवस्था त्यांच्या पाकिटावर चालत होती. एड्सची भीती, मारहाण, बुडवलेले पैसे हे सगळे त्या बाईने सोसायचे. ग्राहक सुट्टी संपली की विमानात बसून निघून जायचा.

पनवेलचा ग्राहक परदेशी नाही आणि तो विमानाने नव्हे, तर द्रुतगती महामार्गाने परत जातो. बाकी गणित ओळखीचे आहे.

आपल्या शेजारच्या गोव्याचा अनुभव आणखी जवळचा. वास्कोजवळच्या बायणा किनाऱ्यावरील वस्ती जून २००४ मध्ये जमीनदोस्त करण्यात आली. वस्ती गेली, पण व्यवसाय गेला नाही. तो लॉज, मसाज पार्लर, भाड्याची घरे आणि पुढे मोबाइलवर पांगला. एका जागी असताना आरोग्य कर्मचारी आणि संस्था ज्या महिलांपर्यंत पोहोचत, त्या नजरेआड झाल्या. ‘अर्ज’ या संस्थेने मात्र तेथे वेगळा मार्ग धरला. सुटका झालेल्या महिलांना नोकरी देणारी यांत्रिक लाँड्री सुरू केली. शिवणयंत्र वाटपाच्या पलीकडे जाणारे असे प्रयोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

गोव्यानेच बालकांच्या शोषणाचा सर्वांत काळा अध्यायही पाहिला. अनाथ मुलांचे वसतिगृह चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली. मुलांना परदेशी पर्यटकांसमोर ठेवल्याच्या या प्रकरणात १९९६ मध्ये त्याला शिक्षा झाली. मुंबईतही कुलाबा भागातील मुलांच्या निवाऱ्यात शोषण करणाऱ्या डंकन ग्रँट आणि अ‍ॅलन वॉटर्स या ब्रिटिश नागरिकांची शिक्षा २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. निगराणी नसलेल्या जागेत बाहेरून पैसा येतो, तेव्हा वयाची चौकशी करणारे कोणी उरत नाही, हे या दोन्ही प्रकरणांनी दाखवले.

कायदा बाईला काय म्हणतो आणि ग्राहकाला काय?

अनैतिक मानवी व्यापार प्रतिबंधक कायदा, म्हणजेच ‘पिटा’, १९५६ चा आहे. कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या देहविक्रयावर जगणे, त्यासाठी माणसे आणणे, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे हे त्यानुसार गुन्हे आहेत. प्रौढ स्त्रीने स्वतःच्या इच्छेने देहविक्रय करणे हा या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरवलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये मालाडमधील छाप्यातून सुधारगृहात पाठवलेल्या तीन तरुणींची मुक्तता करताना हेच स्पष्ट केले होते. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यापुढे जाऊन निर्देश दिले. छाप्यात अशा महिलांना अटक, दंड किंवा छळ करू नये, त्यांची ओळख माध्यमांनी उघड करू नये, आधार कार्ड मिळण्यात अडथळा येऊ नये, असे त्यात आहे.

छाप्यांच्या बातम्यांत चेहरा ओढणीने झाकलेल्या मुलींचे फोटो आजही दिसतात. ओढणीने चेहरा झाकतो; कपडे, उंची, बाजूच्या पोलिसांची नावे आणि लॉजचा फलक झाकत नाही. गावाकडे ओळखण्यासाठी तेवढे पुरते.

ग्राहकाबाबत अनेकांचा गैरसमज असा की, पकडले गेलो तर फार तर नाव विचारून सोडतात. समोरची व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर ‘पोक्सो’ लागतो आणि ‘तिने वय जास्त सांगितले’ म्हणून सुटका होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४४ नुसार, मानवी तस्करी करून आणलेल्या व्यक्तीचे, हे माहीत असून किंवा तसे मानण्यास कारण असून, लैंगिक शोषण करणाऱ्यालाही शिक्षा आहे. ती व्यक्ती प्रौढ असेल तर तीन ते सात वर्षे, अल्पवयीन असेल तर पाच ते दहा वर्षे. दार बाहेरून बंद, बोलायला भीती, फोन दुसऱ्याच्या हातात, पैसे तिसऱ्याच्या खात्यात, हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला मला माहीत नव्हते म्हणणे अवघड जाईल.

बाजार आता फोनवर गेला आहे का?

मोठ्या प्रमाणात. बारचा मॅनेजर पूर्वी जे काम करायचा, ते आता व्हॉट्सअ‍ॅप गट, टेलिग्राम चॅनेल आणि बनावट संकेतस्थळे करतात. ‘पनवेल’, ‘खारघर’, ‘कळंबोली’ अशी ठिकाणांची नावे टाकून शोधणाऱ्यांसाठी पाने तयार असतात. त्यांवरचे फोटो बहुतेकदा कुठून तरी उचललेले असतात आणि ज्या मुलीचा फोटो आहे तिला त्याची कल्पनाही नसते.

यातील मोठा हिस्सा निव्वळ फसवणुकीचा आहे. आधी यूपीआयवर पाचशे-हजाराचा ‘बुकिंग’ आगाऊ, मग परत मिळणारी अनामत, मग हॉटेलच्या प्रवेशाचे पैसे. शेवटी प्रत्यक्षात कोणीच नसते. पैसे थांबवले की धमकी सुरू होते. चॅटचे स्क्रीनशॉट घरच्यांना पाठवू, पोलिसात तक्रार करू. काही टोळ्या व्हिडिओ कॉल करून तो रेकॉर्ड करतात आणि नंतर पोलीस अधिकारी असल्याचे भासवून फोन करतात. लाजेपोटी तक्रार होत नाही, हेच या टोळ्यांचे भांडवल. अशा वेळी आणखी एक रुपयाही न पाठवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तातडीने कळवणे हाच उपाय आहे. व्यवहाराला जितका कमी वेळ झालेला असतो, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

काम करणाऱ्या महिलेसाठी फोन दुधारी ठरला. काहींना दलालाशिवाय काम करता येऊ लागले. पण बारमध्ये निदान शेजारी दुसऱ्या मुली असतात, दारावर कोणी असते. फोनवर ठरलेल्या पत्त्यावर ती एकटी जाते. खोलीत एक आहे सांगून चार असणे, गुपचूप चित्रीकरण, पैसे न देणे यांपैकी कशाचीही तक्रार करायला ती पोलीस ठाण्यात गेली, तर पहिला प्रश्न तिलाच विचारला जाईल, ही भीती तिला असते.

आरोग्याचे काय?

एचआयव्हीवरची औषधे सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात. तपासणीही मोफत आहे आणि २०१७ च्या कायद्याने अहवालाची गोपनीयता बंधनकारक केली आहे. संभाव्य संसर्गानंतर ७२ तासांच्या आत सुरू करायची प्रतिबंधक औषधे उपलब्ध आहेत, हे मात्र अजूनही फार थोड्यांना माहीत आहे. स्थलांतरित कामगार आणि लांब पल्ल्याचे ट्रकचालक यांच्यामार्फत संसर्ग घरातल्या बायकोपर्यंत जातो, म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना या दोन गटांवर वेगळे काम करते. महामार्ग आणि मालवाहतुकीच्या पट्ट्यातील पनवेलला हे लागू आहे. कंडोम वाटणाऱ्या कार्यकर्तीला महिला सापडण्यासाठी त्या कुठे आहेत, हे माहीत असावे लागते. प्रत्येक छाप्यानंतर आणि तोडफोडीनंतर त्या नव्या पत्त्यावर जातात आणि ओळख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

विमानतळानंतर काय होऊ शकते?

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महापालिका झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. या पट्ट्यात हॉटेले, सर्व्हिस अपार्टमेंट, दिवसभाड्याच्या खोल्या वाढणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. कर्जत-खालापूरची फार्महाऊस आधीपासून आहेत. पनवेल नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात आणि पलीकडचा खालापूर-कर्जतचा भाग रायगड पोलिसांकडे, ही हद्दीची रेषाही एजंटांना चांगली माहीत असते.

सरकारसमोर दोन वाटा दिसतात. एक ओळखीची आहे. कोणी भाषण केले की छापे, चार दिवस कुलूप, मग पाचव्या दिवशी नवा फलक. दुसरी कंटाळवाणी आहे आणि तिचे व्हिडिओ व्हायरल होत नाहीत. बारमधील महिलांचे लेखी करार आणि बँक खाते कामगार विभागाने तपासणे. लॉजच्या नोंदवहीत ओळखपत्राची प्रत घेतली जाते की नुसते नाव लिहिले जाते, हे पाहणे. छाप्यात सापडलेल्या महिलेला सुधारगृहात पाठवण्याआधी, तिच्या भाषेत, मॅनेजर आणि ‘नातेवाईक’ समोर नसताना, तुला काय हवे, असे विचारणे. तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील त्याच दिवशी देणे. अल्पवयीन असेल तर १०९८ आणि बाल कल्याण समिती, महिला असेल तर १८१ हे क्रमांक लॉज आणि बारच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला, हिंदी आणि बंगालीतही लावणे.

२०१६ च्या कायद्यात परवान्याशिवाय बार चालवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा २५ लाखांपर्यंत दंड आहे. तेथील महिलेचे शोषण करणाऱ्या मालकाला तीन वर्षे किंवा १० लाखांपर्यंत. परवाना नसण्याचा गुन्हा शोषणापेक्षा मोठा धरलेला हा हिशेब विधिमंडळात एकमताने मंजूर झाला होता.